खिंडीतून आलेले

मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ एकमेकांना येऊन मिळाले. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला, अलाहाबादकडून ईस्ट इंडियन. मुंबई आणि कलकत्ता पहिल्यांदाच सलग लोहमार्गाने जोडली गेली. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरो आला होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली ऐंशी दिवसांची पैज लावली जाते तीही याच जोडणीच्या भरवशावर. जबलपूरच्या इतिहासावरच्या कुठल्याही पुस्तकात हा प्रसंग सापडतो. रुळांखाली काय होतं याचा उल्लेख मात्र ओझरता असतो. तिथे स्लीपर होते, आणि ते मध्य प्रांतातल्या साल-सागाच्या जंगलांतून आले होते.

जंगलतोडीचा हा इतिहास आजवर आपण कागदांवरून वाचत आलो. गॅझेटियर, वनखात्याचे अहवाल, साहेबांच्या शिकारकथा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याला आणखी एक साधन मिळालं आहे. ते दफ्तरखान्यात नाही, जनावरांच्या शरीरात आहे.

२०१३ साली संदीप शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता सातपुडा-मैकल प्रदेशातले वाघ. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या चार ठिकाणच्या २७३ वाघांची जनुकीय माहिती त्यांनी तपासली. निष्कर्ष असे: मध्य भारतात वाघ साधारण १०,००० वर्षांपूर्वी पसरले, त्यांची एकसंध वस्ती सुमारे १,००० वर्षांपूर्वी तुटू लागली, आणि सुमारे २०० वर्षांपूर्वी ही तुटण्याची गती एकदम वाढली. तरीही, जिथे दोन जंगलांच्या मधे झाडीचा पट्टा शिल्लक आहे तिथे वाघांची ये-जा आणि त्यांच्यातला संकर अजून चालू आहे.

इतिहासाच्या वाचकाला यातले दोन आकडे थांबवतात. हजार वर्षांपूर्वी जबलपूरजवळच्या त्रिपुरीत, म्हणजे आजच्या तेवर गावात, कलचुरींची राजधानी होती. भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं मंदिर त्याच काळातलं. नांगराखालची जमीन, तलाव, दान दिलेली गावं यांचे त्या काळचे ताम्रपट आहेत. आणि दोनशे वर्षांपूर्वी? १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ मध्ये इंग्रज आले. पुढे जमीनमोजणी, गव्हाची आणि कापसाची बाजारपेठ, राखीव जंगलांचे कायदे, आणि रेल्वे.

जुळणी मोहक आहे, आणि म्हणूनच जपून वापरायला हवी. जनुकांवरून काढलेलं 'दोनशे वर्षं' म्हणजे सन १८१७ नव्हे. तो संख्याशास्त्रीय अंदाज आहे. वाघाची एक पिढी किती वर्षांची धरायची, कुठलं प्रारूप वापरायचं, यावर तो मागेपुढे सरकतो. कलचुरींनी वाघांना वेगळं केलं किंवा भोसल्यांनी केलं, असं वाक्य कुणी लिहिलं तर ते खोडावं. एवढंच म्हणता येतं की कागद आणि रक्त या दोन वेगळ्या साक्षीदारांना साधारण एकाच काळाबद्दल काहीतरी सांगायचं आहे. कुणी कुणाला पढवलेलं नाही, हे त्यात महत्त्वाचं.

२७३ वाघांचं रक्त काढणं अर्थातच शक्य नव्हतं. अशा कामात वाघाला हात लावायची गरज पडत नाही, त्याची विष्ठा पुरते. जंगलाच्या कच्च्या रस्त्यावर, नाल्याच्या वाळूत, पाऊलवाटांच्या तिठ्यावर वाघ मुद्दाम विष्ठा टाकून ठेवतो. हद्द सांगायची ही त्याची पद्धत. आतड्यातून जाताना तिच्या बाहेरच्या थरावर वाघाच्या स्वतःच्या पेशी चिकटतात. तो थर खरवडून, वाळवून किंवा अल्कोहोलमध्ये ठेवून प्रयोगशाळेत नेतात. त्यातला डीएनए तुटलेला असतो, सोबत खाल्लेल्या चितळाचा आणि जिवाणूंचाही असतो. म्हणून आधी हा वाघच, बिबट्या नव्हे, याची खात्री करतात. मग जनुकसंचातल्या काही ठरावीक जागा पाहतात, जिथे तीच दोन-चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात हे प्रत्येक वाघात वेगळं असतं. अशा दहा-बारा जागा जुळवल्या की वाघाची ओळख पटते, जशी बोटांच्या ठशांवरून माणसाची. आता तर संपूर्ण जनुकसंच वाचण्याइतकी ही विद्या पुढे गेली आहे. 'अक्षरं', 'वाचणं' हे शब्द मी वापरते आहे खरी, पण भाषांतर करणाऱ्या माणसाने या उपमेपासून थोडं लांबच राहावं. पुस्तकाला लेखक असतो आणि त्याला काही म्हणायचं असतं. वाघाच्या पेशीला काही म्हणायचं नसतं.

आता शिकारीकडे वळू. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला आणि त्यानंतर लगेच, १८६२ मध्ये, कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या डोंगरांत शिरला. त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ मध्ये निघालं, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी. या पुस्तकातला निसर्ग अजूनही वाचावासा वाटतो. गोंड आणि बैगांबद्दलची मतं मात्र त्या काळच्या सरकारी माणसाची. जंगल नासण्याचं खापर डोंगरउतारावर राब जाळून शेती करणाऱ्या बैगांवर फोडायचं आणि ठेकेदारांच्या करवतीकडे कमी पाहायचं, ही सवय इंग्रज अंमलात सर्रास होती. १८९० मध्ये बैगांना मंडल्यातल्या एका आखून दिलेल्या चकात कोंडलं गेलं. वाघ मारणाऱ्याला मात्र सरकारातून बक्षीस मिळत होतं.

या शिकारींतली अनेक कातडी आणि कवट्या विलायतेला गेल्या. काही दिवाणखान्यांत कुजल्या, काही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि एडिंबरोच्या संग्रहालयात पोचल्या, चिठ्ठी बांधून: गाव, वर्ष, मारणाऱ्याचं नाव. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले सम्राट मंडल आणि उमा रामकृष्णन यांनी ब्रिटनच्या मायकेल ब्रुफर्ड यांच्याबरोबर या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी ताडून पाहिला. २०१३ मध्येच तो निबंध आला. पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये एक वेगळा छोटा डीएनए असतो, तो फक्त आईकडून मिळतो. जुन्या नमुन्यांत या डीएनएचे जे प्रकार सापडले त्यांपैकी ९३ टक्के आज एकाही तपासलेल्या भारतीय वाघात नाहीत. म्हणजे आई-आजी-पणजी अशा मागे जाणाऱ्या इतक्या रांगा बंद पडल्या. पेशीकेंद्रातलं वैविध्य मात्र अजून बरंच शिल्लक आहे, आणि आज जगभरच्या वाघांत ते भारतातच सर्वाधिक असल्याचं पुढच्या कामातूनही दिसलं. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. पहिलीच सांगितली तर शोकगीत होतं, दुसरीच सांगितली तर मंत्र्याचं भाषण.

हौसेखातर मारलेल्या जनावराची चिठ्ठी शंभर वर्षांनी त्याच्याच वंशजांच्या उपयोगी पडावी, हे शिकाऱ्याच्या ध्यानीमनीही नसणार. पण मी या गोष्टीने फार सद्गदित होत नाही. कातडी जपली गेली याचं श्रेय संग्रहालयाला आहे; गोळीला नाही.

वाघाबद्दल सगळेच लिहितात. जबलपूरच्या परिसराचं खरं स्वतःचं जनावर म्हणजे बारशिंगा. त्याची मध्य भारतातली जात कडक जमिनीवर राहणारी. उत्तरेत दुधवाचे आणि आसामातले बारशिंगे दलदलीतले, त्यांचे खूर पसरट. आमच्याकडच्याचे खूर घट्ट, टणक. जुन्या पुस्तकांत नराला 'गोइंजक' आणि मादीला 'गाओनी' अशी इथली नावं नोंदवलेली आहेत. शास्त्रीय नावात मात्र एक साहेब आहे: पोकॉकने १९४३ मध्ये या उपजातीला ब्रँडेराय हे नाव दिलं, मध्य प्रांतातला वनाधिकारी डनबार ब्रँडर याच्यावरून. ब्रँडरचं मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवरचं पुस्तक १९२३ चं. आसामच्या उपजातीला नंतर एम. के. रणजितसिंह यांचं नाव मिळालं. तेच रणजितसिंह साठच्या दशकात मंडल्याचे कलेक्टर होते आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता.

कान्हाच्या परिसरात १९३८ मध्ये या बारशिंग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास मोजली गेली होती. १९५३ मध्ये ५५१. १९७० मध्ये ६६. जगात या उपजातीचे दुसरे कुठे कुणी उरलेच नव्हते.

सहासष्ट म्हणजे एका मोठ्या मराठी लग्नातल्या दोन पंगतीही होत नाहीत.

ते वाचले कसे, याची गोष्ट जनुकशास्त्राच्या आधीची आहे. जॉर्ज शालरने १९६३ ते ६५ मध्ये कान्हात राहून अभ्यास केला, पुढे स्वित्झर्लंडच्या क्लॉड मार्टिनने खास बारशिंग्यांवर काम केलं. बारशिंग्याच्या मादीला पाडस लपवायला उंच गवत लागतं. गुरांनी गवत खाल्लं, वणव्यांनी जाळलं, की पाडस कोल्ह्याच्या, बिबट्याच्या समोर उघडं. सत्तरच्या दशकात कुंपण घालून काही जनावरं आत वाढवली, वणवे थांबवले, आणि आतली गावं उठवली. सौंफचं आजचं कुरण म्हणजे उठवलेल्या गावाची शेतं. पर्यटकांना जीपमधून जे रम्य गवताळ मैदान दिसतं त्याच्या कडेला आंब्याची झाडं का आहेत, हे गाइडने सांगितलं तर कळतं. तिथून उठलेली बैगा-गोंड कुटुंबं कुठे गेली, त्यांच्या वाट्याला कसली जमीन आली, हा या यशोगाथेचा दुसरा निम्मा भाग आहे आणि तो मोजलेला नाही.

आज कान्हात बारशिंगे हजाराच्या घरात आहेत असं सांगतात. संख्येचा प्रश्न सुटला. पण इथे जनुकशास्त्र एक वेगळीच गोष्ट पुढे ठेवतं. तीन हजारांचे सहासष्ट झाले आणि सहासष्टांचे पुन्हा हजार झाले, तर हे हजार म्हणजे पूर्वीच्या तीन हजारांचा तिसरा हिस्सा नव्हेत. ते सहासष्टांचीच हजार रूपं आहेत. जे जनुकभेद त्या सहासष्टांत नव्हते ते आता कुरण कितीही हिरवं असलं तरी परत येणार नाहीत. नवे यायला हजारो पिढ्या लागतात. इंग्रजीत या अवस्थेला बाटलीच्या मानेची उपमा आहे, आणि मराठी विज्ञानलेखनात तीच शब्दशः उचलली जाते. मला 'खिंड' हा शब्द बरा वाटतो. बाटलीची मान म्हटलं की काहीतरी अडकलं एवढंच कळतं. खिंड म्हटलं की पलीकडे पोचलेल्यांबरोबर अलीकडे राहिलेलेही मराठी माणसाला आठवतात.

म्हणून बारशिंगे एकाच कुरणात ठेवायचे नाहीत असं ठरलं. एक साथ आली, एक मोठा वणवा आला, तर सगळेच जायचे, शिवाय सगळे एकमेकांचे नातेवाईक. एकाला जो रोग मारेल तो बहुधा दुसऱ्यालाही मारेल. २०१५ पासून कान्हाचे बारशिंगे सातपुड्यात नेले गेले, २०२३ मध्ये बांधवगडला. त्याआधी, २०११-१२ मध्ये, कान्हातले ५० रानगवे बांधवगडला नेले होते, तिथले गवे नव्वदच्या दशकात संपले होते म्हणून. ट्रकमधून जनावर नेणं हे काम वनरक्षकांचं आणि पशुवैद्यांचं. कुठली जनावरं न्यावीत, किती न्यावीत म्हणजे नवा कळप पुन्हा दुसऱ्या खिंडीत सापडणार नाही, हे विचारायला जनुकशास्त्र.

जवळच्या नात्यातल्या संकराला मराठीत 'अंतःप्रजनन' असा बोजड शब्द आहे. गोत्राची कल्पना माहीत असलेल्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगायला इतका अवघड शब्द लागू नये. अर्थात गोत्र टाळून मामाची मुलगी करणारे आपणच, तेव्हा समाजाचे नियम आणि शरीराचे नियम एक नसतात हेही आपल्याला ठाऊक आहे. शरीराचा नियम साधा आहे. प्रत्येक जिवाच्या जनुकसंचात काही घातक बदल दडलेले असतात. आईकडून आणि बापाकडून वेगळ्या प्रती आल्या की एक दुसरीला सांभाळून घेते. दोन्हीकडून तीच बिघडलेली प्रत आली की दोष उघडा पडतो.

हे उघड्यावर पडणं जगाला कौतुकाची गोष्ट म्हणून विकलं गेलं, आणि त्याची सुरुवात जबलपूरच्या शेजारी रीवा संस्थानात झाली. मे १९५१ मध्ये महाराजा मार्तंडसिंह यांच्या शिकारीत एक पांढरा छावा जिवंत पकडला गेला. त्याचं नाव मोहन. गोविंदगडच्या राजवाड्यात त्याला ठेवलं. बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पिल्लं झाली, सगळी पिवळी. मग त्याच पिल्लांपैकी राधा नावाच्या त्याच्या मुलीबरोबर त्याला ठेवलं गेलं, आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं जन्मली: राजा, राणी, मोहिनी, सुकेशी. मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली, अमेरिकेच्या मुलांना भेट म्हणून.

पुढे प्राणिसंग्रहालयांना आणि सर्कसवाल्यांना पांढरा वाघ हवा होता, आणि पांढरा मिळवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पांढऱ्याच घरात लग्नं लावणं. तिरळे डोळे, वाकडे पाय, लवकर मरणारी पिल्लं हा त्याचा हिशेब. रंगाचं कारण २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी शोधलं: एका प्रथिनातला एकच अमिनो आम्ल बदललेला. त्यामुळे पिवळा रंग बनत नाही, काळे पट्टे मात्र राहतात. याच जनुकातले बदल माणसाच्या त्वचेच्या गोरेपणातही वाटेकरी आहेत. म्हणजे पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, रोगी जनावरही नाही. रोगी केलं ते आपण, त्याच्या मुलीशी त्याचं लग्न लावून. जंगलात अशा रंगाचा वाघ क्वचित जन्मायचा आणि इतरांसारखाच परक्या वाघिणीशी जुगायचा. तिथे त्याचा रंग पुढच्या पिढीत पुन्हा दडून जायचा.

याच गोष्टीची दुसरी बाजू ओडिशातल्या सिमिलिपालला आहे, आणि तिथे राजवाडा नाही, पिंजरा नाही. सिमिलिपालचे काही वाघ काळे दिसतात, कारण त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात. विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवलं की टाकपेप नावाच्या जनुकातला एक बदल याला कारण आहे. पाळीव मांजराच्या अंगावरच्या नक्षीत फरक पाडणारा जनुकही हाच. सिमिलिपालचे वाघ थोडे आणि इतरांपासून तुटलेले, म्हणून योगायोगाने तिथे हा बदल पसरला. त्याच वर्षी अनुभव खान यांच्या ५७ वाघांच्या जनुकसंचांवरच्या अभ्यासाने रणथंबोरबद्दलही असंच सांगितलं: जनुकसंचात लांबच लांब पट्टे असे, की आईकडची आणि बापाकडची प्रत हुबेहूब सारखी. काही घातक बदल अशा संकरात गळून गेलेत, पण उरलेले अधिक उघडे पडलेत. पर्यटकाला काळा वाघ पाहिल्याचा आनंद होतो. जनुकशास्त्रज्ञाला तो रंग म्हणजे धोक्याची खूण वाटते.

उपाय म्हणून २०२४ च्या शेवटी महाराष्ट्रातल्या ताडोबाहून दोन वाघिणी सिमिलिपालला पाठवल्या गेल्या: जमुना आणि झीनत. झीनतला नवं घर मानवलं नाही. ती निघाली, झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालात पुरुलियाला, बांकुड्याला. तीन राज्यांचे वनखाते तिच्या मागे. २९ डिसेंबरला तिला बेशुद्ध करून पकडलं आणि परत आणलं. मराठी वर्तमानपत्रांनी तिला चंद्रपूरची माहेरवाशीण करून टाकलं, ते सोडा. मुद्दा असा की जनुकांचा हिशेब कागदावर बरोबर असला तरी तो अमलात आणायचा एका जिवंत जनावराने, आणि त्याच्या वाटेतल्या गावांनी.

गावांची बाजू त्याआधी ओडिशातच दिसली होती. २०१८ मध्ये कान्हाचा महावीर आणि बांधवगडची सुंदरी सातकोसियाला नेले होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ नेण्याचा देशातला तो पहिला प्रयत्न. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महावीर मेलेला सापडला, फासात अडकून. सुंदरीने माणसं मारल्याचा आरोप झाला, गावकरी खवळले, तिला पिंजऱ्यात टाकलं आणि २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत आणलं. गावकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं, ही त्यांची मुख्य तक्रार होती, आणि मला ती पटते. जंगलाजवळ राहणाऱ्याने वाघ सोसावा, हे वाघ न सोसणाऱ्या शहरांत ठरतं.

म्हणून वाघ ट्रकने नेण्यापेक्षा त्याने आपल्या पायांनी जावं हे बरं. पन्नाचा अनुभवही तेच सांगतो. २००९ मध्ये पन्नातले सगळे वाघ संपले होते. कान्हा आणि बांधवगडच्या वाघिणी आणल्या, पेंचहून एक नर आणला. तो नर काही दिवसांत दक्षिणेकडे चालू लागला, पेंचच्याच दिशेने. महिनाभर हत्तींवरून आणि गाड्यांतून पाठलाग करून त्याला परत आणावं लागलं. नंतर तो रमला, त्याची पिल्लं झाली, आणि आज पन्नात पन्नासहून अधिक वाघ आहेत. तीन वेगवेगळ्या जंगलांतून आलेली जनावरं असल्यामुळे सुरुवात तरी मोकळ्या रक्ताने झाली.

आपल्या पायांनी जायचं म्हणजे वाट हवी. आदित्य जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्येच मध्य भारतातल्या सहा संरक्षित क्षेत्रांतले ५५ वाघ विष्ठेवरून ओळखले, आणि त्यातून ६५० किलोमीटरपर्यंतच्या स्थलांतराचे पुरावे निघाले. अंतर वाघाला अडवत नाही, असं त्यात आढळलं; अडवतात त्या दाट वस्त्या आणि रस्ते. सरकारी हिंदीत अशा वाटांना 'गलियारा' म्हणतात, महाराष्ट्राचं वनखातं 'भ्रमणमार्ग' म्हणतं. दोन्ही शब्द ऐकून वाटतं की तिथे एक मोकळी पट्टी आहे, दोन्ही बाजूंनी झाडं, मधे वाघ. तसं काही नाही. कान्हा ते पेंच म्हणजे सिवनी, बालाघाट, मंडला या जिल्ह्यांतली जंगलं आणि त्यांच्यात विखुरलेली शेकडो गावं: धानाची खाचरं, मोहाची झाडं, बकऱ्या, शाळा. रात्री वाघ त्यातूनच जातो.

नागपूर-सिवनी महामार्ग पेंचच्या कडेने जातो. तो चौपदरी करायचा की नाही यावर न्यायालयांत आणि समित्यांपुढे वर्षानुवर्षं वाद चालला, आणि कान्हा-पेंच हा पट्टा खरोखर चालू आहे हे सांगणारे जनुकीय पुरावे नेमके त्याच काळात हाती आले. शेवटी रस्ता झाला, पण महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी तो खांबांवर उचलला गेला. त्यातली सर्वात लांब जागा ७५० मीटरची आहे. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत २०१९ मध्ये १८ प्रजाती टिपल्या गेल्या आणि ११ वेगवेगळे वाघ. 'इथे वाघ जातो' असं गुराखी पूर्वीपासून सांगतच होता. त्याच्या सांगण्याला शपथपत्रात जागा नव्हती, जनुकांच्या तक्त्याला होती. यातलं दुसरं वाक्य मला आनंदाचं वाटतं, पहिलं नाही.

पण वाट असली की काम झालं असंही नाही. यवतमाळच्या टिपेश्वरातला एक तरुण नर २०१९ च्या जूनमध्ये निघाला. त्याच्या गळ्यात कॉलर होती, म्हणून त्याची हकीकत सगळ्यांना कळली. तेलंगणात शिरून तो परत विदर्भ-मराठवाड्यात आला, शेतांतून, कालव्यांच्या कडेने, हमरस्ते ओलांडत, आणि बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. सगळं मिळून तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. ज्ञानगंगेत पाणी होतं, रानडुकरं आणि नीलगायी होत्या. वाघीण नव्हती. इतकं चालून त्याने एका जंगलाचे जनुक दुसऱ्या जंगलात पोचवले का, तर नाही. नकाशावरची रेष आणि वंशावळीतली रेष यांत एवढा फरक आहे, आणि तो फरक फक्त पुढच्या पिढीच्या तपासणीतून कळतो.

प्रत काढूनही ही पिढी मिळत नाही. छत्तीसगडच्या उदंतीत रानम्हशींची एकच मादी उरली होती, आशा. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत तिच्या पेशीपासून १२ डिसेंबर २०१४ रोजी एक रेडी जन्माला घातली गेली, दीपआशा. ती रानम्हशीपेक्षा पाळीव मुऱ्ह्यासारखी दिसते असे आक्षेप निघाले, त्यावर बरीच वर्षं खल झाला. पण ती अगदी हुबेहूब आशा असती तरी ती दुसरी आशाच असती. कळपाला दुसरी आशा नको होती, परकी रानम्हैस हवी होती. शेवटी आसामातल्या मानसहून रानम्हशी आणाव्या लागल्या. गडचिरोलीच्या कोलामार्कात उरलेल्या थोड्या रानम्हशींचंही दुखणं हेच आहे.

झाडांचं आणखी वेगळं. मंडल्याकडे साल आणि साग यांच्या सीमा एकमेकींना भिडतात. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी झाडांच्या जनुकांवर काम चालतं ते मुख्यतः सागासारख्या किमती लाकडावर, आणि ते समजण्यासारखं आहे. सालाची अडचण अशी की त्याचं बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि आठ-दहा दिवसांत रुजलं नाही तर मरतं. ते डब्यात घालून शीतगृहात ठेवता येत नाही. त्याचं जनुकीय वैविध्य जपायचं तर उभं जंगलच जपायला लागतं. नव्वदच्या दशकात सालपोखर किड्याने मंडल्याची जंगलं पोखरली आणि पाठोपाठ लाखो झाडं तोडली गेली, तेव्हा आपण त्यासोबत काय तोडतो आहोत हे मोजायला कुणाकडे साधनं नव्हती.

जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीव न्यायसहायक आणि आरोग्य केंद्र आहे. शिकारीच्या प्रकरणांत पकडलेलं मांस, नखं, कातड्याचे तुकडे तिथे तपासायला येतात. या विद्येचा पाया भारतात हैदराबादच्या पेशीय आणि रेणवीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंह आणि सुनीलकुमार वर्मा यांनी घातला. २००३ साली त्यांनी अशी पद्धत प्रसिद्ध केली की जवळजवळ कुठल्याही पृष्ठवंशीय प्राण्याच्या तुकड्यावरून त्याची जात सांगता यावी. शिजवलेलं मांस बकऱ्याचं की चितळाचं, यावर पूर्वी खटले सुटायचे. आता अहवाल येतो. आरोपींत बरेचदा गावातला गरीब माणूस असतो आणि व्यापारी दूर असतो, हे अहवालात येत नाही. तो जनुकशास्त्राचा विषयही नव्हे.

गोंदिया-जबलपूर ही सातपुड्यातली छोटी लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली. नॅरोगेजची गाडी इतकी सावकाश जायची की जनावरालाही बाजूला व्हायला वेळ मिळे. गेल्या दशकात ती लाइन ब्रॉडगेज झाली. नैनपूर-बालाघाटच्या बाजूला ती कान्हा आणि पेंच यांच्यामधल्याच जंगलातून जाते. नागपूर, रायपूरकडे जाणाऱ्या जबलपूरकरांची मोठी सोय झाली आहे, मीही त्या गाडीने जाते. तिचा वाघांवर काय परिणाम झाला हे आज गोळा केलेल्या विष्ठेतून कळणार नाही. जनुकांतला दुरावा दिसायला काही पिढ्या जाव्या लागतात, आणि वाघाची एक पिढी साधारण पाच वर्षांची. आजचे नमुने सांगतात ती परिस्थिती ही लाइन रुंद होण्यापूर्वीची आहे. या रुळांचा हिशेब २०५० च्या पुढे कुणीतरी मांडेल. त्यासाठी आत्ताचे नमुने गोळा करून, तारीख-ठिकाण लिहून, उणे ऐंशी अंशांवर ठेवून द्यायला हवेत.